आधी पाय टाकायचा नाही

टक्… टक्… टक्!

भेंडी कोवळी आहे का हे बघायला तिचं टोक मोडतात, तो हा आवाज. कामठीच्या बाजारात आईमागं पिशवी घेऊन फिरताना तो माझ्या कानात कायमचा बसलेला. पण न्यू जर्सीतल्या इझलिनच्या इंडियन ग्रोसरीत, नोव्हेंबरच्या त्या पावसाळी रविवारी, टोकं मी मोडत नव्हते. भेंडीच्या ढिगाच्या पलीकडं एक उंचापुरा, सावळा माणूस उभा होता. काखेत कुबडी, केसांवर पावसाचे थेंब, आणि चेहरा असा गंभीर की सोनार सोनं पारखत असावा.

"ओ भाईसाब! तोडना मना है!" काउंटरवरून दुकानाचे मालक गिरीशभाई ओरडले. भिंतीवर तशी पाटीही होती, तीन भाषांत.

त्या माणसाला तिन्हीतली एकही कळत नसावी. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"टोक मोडायचं नाही म्हणतात ते," मी इंग्रजीत सांगितलं.

"मोडल्याशिवाय कोवळी कशी कळणार?"

त्यानं हे इतक्या भोळेपणानं विचारलं की मला हसू आलं. हाच प्रश्न मी दर रविवारी गिळत होते.

"तुम्ही मोडा," मी हळूच म्हटलं. "मी मध्ये उभी राहते."

आणि राहिले की! गिरीशभाईंकडं तोंड करून, हातात हिंगाची डबी घेऊन, तिच्यावरचं बारीक अक्षर वाचत… आणि पाठीमागं टक्, टक्, टक्. जाताना त्यानं मूठभर भेंडी माझ्या पिशवीत टाकली.

"डिफेन्स चांगला आहे तुमचा," तो म्हणाला, आणि कुबडी टेकत पावसात निघून गेला.

मंगळवारी सकाळी मी क्लिनिकचा पडदा सरकवला, तर माझ्या टेबलावर तोच. मला बघून आधी त्याचे डोळे हसले, मग तो.

मी उपासना. नागपूरजवळच्या कामठीची, पिस्कॅटवेच्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट. सत्त्याण्णव साल उजाडलं तेव्हा मला अमेरिकेत दीड वर्ष झालं होतं. दिवसभर लोकांचे गुडघे, खांदे, मनगटं माझ्या हातात असायची, पण माझ्या खांद्यावर हात ठेवणारं कुणी नव्हतं. रूममेट आश्लेषा पुण्याची. सॉफ्टवेअरमधली, सोमवार ते शुक्रवार क्लायंटच्या गावी. मला गाडी येत नव्हती आणि त्या गावात गाडीशिवाय माणूस म्हणजे घरातली खुर्चीच. रविवारी घरून फोन यायचा. "जय भीम, बाई. जेवलीस का?" आई विचारायची, आणि मी "हो" म्हणायचे. बाकीचे सहा दिवस हा प्रश्न कुणी विचारायचं नाही.

त्याच्या फाइलवर लिहिलं होतं: ओलिंतो. वय चौतीस. राष्ट्रीयत्व ब्राझिलियन. व्यवसाय फुटबॉल, डिफेन्डर. अमेरिकेत नुकतीच नवी लीग सुरू झाली होती, तिच्यातल्या एका संघानं त्याला आणलं होतं. गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन झालेलं. मार्चअखेर माझा रिपोर्ट संघाकडं जाणार. गुडघा पास झाला तर आणखी एका वर्षाचा करार, नाही तर परत घरी.

"तुम्हाला फुटबॉल कळतो?" पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं.

"मी कामठीची आहे," मी म्हटलं. "आमच्याकडं पोरं चालायच्या आधी किक मारतात. माझे बाबा मोहल्ल्याच्या टीमचे फुलबॅक होते."

तो कोपरांवर उठून बसला. "डिफेन्डरची मुलगी?"

"हो. पडून राहा."

त्यानंतर दर मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी तीनला, तो यायचा. आमचं इंग्रजी दोघांचंही उसनं. त्याचं अडखळायचं, माझं घाईनं पळायचं, पण कुठंतरी मध्ये गाठ पडायची. मी मनातल्या मनात डिसेंबरपर्यंत त्याला 'तुम्ही' म्हणत होते. नंतर ते कधी सुटलं, मला कळलंच नाही.

त्याची सगळी कारकीर्द मला त्याच्या पायांनी सांगितली. घोट्यावरचा पांढरा व्रण सतराव्या वर्षीचा. ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतातलं त्याचं डोंगराळ गाव सोडून तो बेलो होरिझोंते शहरातल्या मोठ्या क्लबात आला, तेव्हा पहिल्याच सामन्यातला. नडगीवरचे चार टाके पहिल्या विजेतेपदाचे. पोटरीतली गाठ पोर्तुगालची; तिथं तो सहा वर्षं खेळला, तीन वर्षं कॅप्टन होता. देशाचा पिवळा शर्ट त्यानं एकोणीस वेळा घातला होता. पण चषक हातात घेतलेला त्याचा एकही फोटो नव्हता.

"फोटोत मी असतो," तो म्हणाला, "पण कडेला. अर्धा. गोल करणाऱ्याचं नाव लोक पोरांना ठेवतात. माझं नाव फक्त माझ्या आईनं ठेवलं… तेही मला."

मी इतकी हसले की पलीकडच्या पडद्याआडच्या आजीबाई खोकल्या.

"इथं कसं वाटतं?" मी विचारलं.

त्यानं गुडघ्यावरून हात फिरवला. "स्टेडियम फार मोठं आहे. खुर्च्या रिकाम्या. आणि मी चुकलो तरी लोक टाळ्या वाजवतात, उपासना. माझ्या गावात चुकलो तर बायका खिडकीतून आईवरून शिव्या द्यायच्या." त्यानं मान हलवली. "इथं मला शिव्या द्यायला कुणी नाही."

मला रडू येईल असं वाटलं. म्हणून मी गुडघा जरा जोरात वाकवला. तो कळवळला आणि पोर्तुगीजमध्ये काहीतरी पुटपुटला.

"ही शिवी होती?"

"छोटी."

"मग मराठीत मी देते," मी म्हटलं. "मेल्या!"

"मेल्या," तो खूश होऊन म्हणाला. पुढं हे त्याचं माझ्यासाठी ठेवलेलं नमस्काराचं उत्तर झालं.

जानेवारीत त्यानं डब्यातून कोंबडी-भेंडी आणली, त्याच्या आईच्या पद्धतीची. बुळबुळीत! मी डोळे मिटून खाल्ली. पुढच्या शुक्रवारी मी कुरकुरीत परतलेली भेंडी नेली, तर त्यानं डबा चाटूनपुसून परत केला. आश्लेषाला हे कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला.

"अगं, पेशंट आहे यार तो! एथिक्स वगैरे काही आहे की नाही? आणि मार्चमध्ये रिपोर्ट तूच साइन करणार ना?"

"आमच्यात काहीच नाहीये."

"हो का? मग मंगळवार-शुक्रवारी तू ते निळे कानातले का घालतेस?"

मी कानातले काढले. शुक्रवारी परत घातले.

पण खरंच, काही नव्हतं. तो काही बोलत नव्हता, मी काही बोलत नव्हते. एकदा त्याला विचारलं, इतकी वर्षं एवढ्या चपळ पोरांना अडवलंस ते कसं?

"थांबून," तो म्हणाला. "नवा डिफेन्डर घाईनं पाय टाकतो. ज्यानं आधी पाय टाकला तो संपला. डोळ्यांत बघायचं नाही, डोळे फसवतात. पाय बघायचे. आणि थांबायचं… दुसरा हलेपर्यंत."

मी चमकले. कामठीच्या मैदानाकडेला उभे राहून बाबा आम्हा पोरांना अगदी हेच ओरडून सांगायचे, "पाय आधी नाही टाकाचा बाई! आन् टाकलाच, तं मागं घेता आला पाहिजे!" पोरांत मी एकटीच मुलगी, म्हणून मला 'बाई'. हे मी ओलिंतोला सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्या बाबांबरोबर खेळायला आवडलं असतं."

मार्च आला. शेवटची चाचणी म्हणजे एका पायावर उडी. जमिनीवर चिकटवलेल्या मोजपट्टीवर आधी बऱ्या पायानं उडायचं, मग ऑपरेशनच्या. मी तिला लंगडी म्हणायचे आणि त्यालाही तोच शब्द शिकवला होता. दुखरा पाय बऱ्या पायाच्या जवळपास पोचला की पास.

आठ दिवस आधी घेतलेली लंगडी फार कमी भरली होती. मला ठाऊक होतं, त्या गुडघ्यातली गादी जवळजवळ संपली होती. आणखी एक हंगाम, आणि मग हा माणूस आईच्या डोंगरावरच्या घरापर्यंत चालत जाऊ शकला नसता. हे सगळं मला ठाऊक होतं. पण मला हेही ठाऊक होतं की तो गेला की मंगळवार आणि शुक्रवार आठवड्यातून निघून जातील, आणि उरलेल्या पाच दिवसांचं मी काय करणार होते?

चाचणीच्या शुक्रवारी मी त्याच्या गुडघ्याला गरम शेक दिला. एरवी दहा मिनिटं द्यायचे. त्या दिवशी घड्याळाकडं बघितलंच नाही. मग मालिश, मग सायकल, पुन्हा शेक. गुडघा लोण्यासारखा मऊ झाला.

"उडी मार," मी म्हटलं.

तो उडाला. मी मोजलं. काठावर पास!

मी पेन उचललं.  ओलिंतो मोजपट्टीवर एका पायावर तसाच उभा होता, माझ्या बुटांकडं बघत.

"आज फार वेळ शेकलंस," तो शांतपणे म्हणाला.

मी फाइलची पानं चाळायला लागले.

"सतरा वर्षं मी फसवणारे पाय बघतोय. तुझे पाय नोव्हेंबरपासून बघतोय. मी यायच्या आधी ते दाराकडं वळलेले असतात." त्यानं पाय खाली टेकला. "आज ते कागदाकडं वळलेले नाहीत."

माझा बांध फुटला.

"मला तू इथं हवा आहेस!" मी म्हटलं. "म्हणून शेकलं. कळलं? तू गेलास की मला इथं विचारणारं कुणी नाही. माझं प्रेम आहे तुझ्यावर, मेल्या!"

पलीकडच्या पडद्याआडून आजीबाईंचा खोकला आला नाही. त्या श्वास रोखून ऐकत असाव्यात.

ओलिंतो टेबलावर बसला. त्याचे ते मोठे, खडबडीत हात कुठं ठेवावे हे त्याला सुचेना. शेवटी त्यानं माझा हात धरला. अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी माझा हात धरला होता, दुखत नसताना.

"हे ऐकायची मी चार महिने वाट बघतोय," तो म्हणाला.

"मग तू का नाही बोललास?"

"डिफेन्डर…" त्यानं ओशाळून खांदे उडवले.

"मीही डिफेन्डरचीच मुलगी ना!" मी हसत होते आणि रडत होते. चार महिने! एकमेकांच्या पायांकडं बघत उभे राहिलो दोघं, आणि घड्याळ पळत राहिलं.

"आता कुठली उडी लिहिणार?" त्यानं विचारलं.

मी त्याच्याकडं पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे गोल वाचवलेला माणूस. त्याचा पाय मी माझ्या एकटेपणासाठी मोडणार होते?

"थंड झाल्यावरची," मी म्हटलं.

आम्ही वीस मिनिटं तसेच बसून राहिलो, हातात हात घेऊन, गुडघा थंड होईपर्यंत. मग तो पुन्हा उडाला. मी खरा आकडा लिहिला आणि सही केली. तो गुडघ्यावर थोपटून म्हणाला, "थँक यू." गुडघ्याला म्हणाला की मला, कोण जाणे.

त्याच्या परतीच्या विमानाला बारा दिवस उरले होते. आता तो माझा पेशंट नव्हता. त्यानं मला नूअर्कच्या पोर्तुगीज बेकऱ्या दाखवल्या, मी त्याला गिरीशभाईंकडं नेऊन माफी मागायला लावली. रिकाम्या पार्किंगमध्ये तो मला गाडी शिकवायचा आणि मी ब्रेक दाबला की "मेल्या!" म्हणायचा. 'पुढं काय' हे दोघांनीही विचारलं नाही. माझा व्हिसा नोकरीला बांधलेला, त्याची आई ऐंशीच्या घरात. पुन्हा दोघंही थांबलो होतो, दुसरा हलेपर्यंत. जित्याची खोड, दुसरं काय!

विमानतळावर तो मला घट्ट धरून उभा राहिला. मग निघाला. मी शिकवलं होतं तसं, टाच आधी, पाठ ताठ, लंगडण्याचा मागमूस नाही. माझ्या हातचं ते सर्वांत चांगलं काम होतं आणि ते माझ्यापासून दूर चालत जात होतं. वळणावर तो थांबला. मान वळवली नाही त्यानं. पण त्याचा उजवा पाय, तो ऑपरेशनचा, हळूच माझ्या दिशेला वळला… आणि क्षणभर तसाच राहिला.

मग तो गेला.

मंगळवारी तीन वाजता माझ्या टेबलावर एक खांदा होता. शुक्रवारी मनगट. रविवारी आईनं विचारलं, "जेवलीस का?" आणि मी पहिल्यांदाच म्हटलं, "नाही." मग सगळं सांगितलं.  पलीकडं बाबांनी फोन घेतला.

"कोण्त्या पोझिशनले खेळते म्हन्ली?"

"सेंटर बॅक, बाबा."

"हूं," बाबा म्हणाले. "मंग तो काई सोताहून नाही याचा."

शनिवारी मी स्वतः गाडी चालवत इझलिनला गेले, आश्लेषाला शेजारी जीव मुठीत धरून बसवून. गिरीशभाईंच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर मालिनीबेनची ट्रॅव्हल एजन्सी आहे.

"इंडिया जाना है? मुंबई?" त्यांनी फॉर्म पुढं ओढत विचारलं.

"नाही. ब्राझील. बेलो होरिझोंते."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "वन वे या राउंड ट्रिप?"

खिडकीबाहेर पाऊस पडत होता. खालून गिरीशभाई कुणावर तरी ओरडत होते, तोडना मना है! मला बाबा आठवले, मैदानाच्या कडेला, हात तोंडाशी धरून ओरडणारे.

"राउंड ट्रिप," मी म्हटलं. "पण परतीची तारीख बदलता येईल ना?"