विष्णूचं रीळ

"हवालदारभाऊ, माझा बाप चोरीला गेला हो!"

खारीगावातल्या चाळीत नरसूबाईंनी सकाळी सकाळी असा टाहो फोडला, तेव्हा शेजारचे निवृत्त हवालदार नागोराव तोंड धुणं अर्धवट टाकून धावले.

बाप म्हणजे फिल्मचं रीळ. फार जुन्या एका तेलुगू पौराणिक चित्रपटात नरसूबाईंच्या वडिलांनी विष्णूचं काम केलं होतं. नरसूबाई अंगावर पीत होत्या तेव्हाच ते वारले. फोटो म्हणाल तर एक नाही. गेल्या आठवड्यात राजमहेंद्रीच्या भाच्याने हे रीळ आणून दिलं; पण मोतीबिंदूच्या डोळ्यांना ते नखाएवढं चित्र काय दिसणार, कपाळ! पुण्याचा एक फिल्मवाला त्यावरून मोठा फोटो काढून देणार होता. तो आजच यायचा होता. म्हातारपणी का होईना, बाई बापाचं तोंड बघणार होत्या.

"त्या लवू भंगारवाल्यानेच नेलं. जुन्या फिल्ममधून चांदी निघते म्हणून मागे लागला होता मेला!"

"आणि पत्र्याचा डबा सोडून गेला? लवू? तो खिळा सोडत नाही. डबा ठेवायचात कुठे?"

"देवघरात. हंसा रोज हळदकुंकू वाहायची."

हंसा म्हणजे सून. दोनदा पोट पडलेलं, आता पुन्हा दिवस गेलेले. ती दाराआड उभी होती.

"आंबूस वास कसला येतोय?" नागोरावांनी विचारलं.

"रिळाचाच. जुनं झालंय ना."

नागोरावांनी डबा उजेडात धरला. तळाशी फिल्मचा चुरा होता, आणि मूठभर ओली रेती. शोध लागला होता, आणि लागला नसता तर बरं झालं असतं.

"नरसूबाई, चोर मागे रेती ठेवत नाही. आमच्या घरी मूर्ती नाहीत, पण खाडीवर गणपतीचा बंदोबस्त मी वर्षानुवर्षं केलाय. देव पाण्यात सोडला की लोक तिथली मूठभर रेती घरी आणतात. रीळ तुटायला लागलं होतं. त्यात देव. आणि भंगलेला देव कुणी घरात ठेवत नाही. देवघराला हात कोण लावतं? हंसा, बाळ, कधी गेली होतीस?"

हंसाला रडू फुटलं.

"पहाटे, काका. हात लावला की तुकडे पडत होते. शेजारच्या ममताताई म्हणाल्या, पोटुशीच्या घरात असं बरं नाही. मला भीती वाटली हो! आरती करून सोडलं मी, खरंच."

नागोरावांनी डबा खाली ठेवला. ओहोटी केव्हाच लागली होती; रीळ एव्हाना समुद्रात गेलं असणार. कलम कुठलं लावणार, आणि कुणाला?

नरसूबाई ओरडल्या नाहीत.

"सोडण्याआधी पाहिलंस त्याला?"

"उजेडाला धरून. एकदाच."

"कसा होता?"

"मुकुट होता, आई. चार हात."

"नाक कसं होतं गं?"

हंसाने डोळे मिटले. "नाही आठवत."

म्हातारीने तिला ओढून जवळ बसवलं.

"नीट आठव," त्या म्हणाल्या. "सावकाश आठव. आता त्याला पाहिलेली तूच एकटी आहेस."