तिसाव्या किलोमीटरच्या पुढे

पारगावच्या पुलावर तेजश्री कठडा धरून उभी होती, आणि या क्षणी आपल्याला कुणी पाहू नये एवढीच तिची इच्छा होती. खाली भीमा, अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. घड्याळात तीस किलोमीटर भरले होते आणि पाय नेहमीप्रमाणे बंद पडले होते. दुखत नव्हते हो! दुखले असते तर डॉक्टरला तरी दाखवले असते. ते नुसते घाबरले होते.

तेवढ्यात दौंडच्या बाजूने एक उंच, सावळा मुलगा पळत आला. पुलाच्या मध्यावर थांबला, घड्याळ बंद केलं आणि तिच्यापासून चार हातांवर कठड्याला टेकला.

"तीस?" त्याने धापा टाकत विचारलं.

"तीस," ती म्हणाली. मग राहवेना म्हणून, "तुमचे?"

"माझंबी तीसच. पुढं जायचं व्हतं... पर पूल लई आवडला."

तिला हसू फुटलं आणि लगेच जिवाचा थरकापही झाला, कारण तो तिच्याकडे निरखून पाहू लागला होता. आता विचारणार... व्हिडिओतली ती तुम्हीच ना?

गेल्या वर्षीच्या मॅरेथॉनमध्ये तीस किलोमीटर ती सुंदर पळाली होती आणि तेहतिसाव्याला कोसळली होती. उठली, पडली, शेवटी भर रस्त्यात रांगली. कुणीतरी ते मोबाईलवर टिपलं आणि लाखो लोकांनी पाहिलं. तेव्हापासून तीसचा आकडा दिसला की तिची छाती धडधडायची आणि पाय जागच्या जागी थांबायचे.

पण त्याने काहीच विचारलं नाही. लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली पुढे केली आणि मान वळवून नदीकडे पाहत राहिला. एवढ्यावर कुणी प्रेमात पडत नाही, हे मलाही कळतं. पण तेजश्रीने रिकामी बाटली परत करायच्या निमित्ताने त्याचा नंबर घेतला, हेही खरं.

त्याचं नाव सम्राट. घर यवतला, नोकरी रांजणगावच्या एका कंपनीत, खोली शिरूरला. तेजश्रीचे कोच मारुतराव, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार, यांनी त्याला दोन दिवसांत पकडलंच.

"हिच्यासंगं पळायचं. पगार न्हाई. केळी मिळतील."

"चालंल सर," सम्राट म्हणाला, तेही केळ्यांकडे न बघता.

मग मंगळवारी कॉलेजच्या मैदानावर एकेक किलोमीटरचे वेगवान फेरे, गुरुवारी चढ आणि रविवारी लांब पल्ला असं सुरू झालं. तो तिच्या उजव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे पळायचा.

"खांदे सोडा की मॅडम. कानाला लावून काय ऐकताय?"

"तुमची बडबड."

"आन् मुठी कुणावर उगारल्यात?"

"अजून ठरलं नाही..." ती म्हणायची, आणि मुठी आपोआप सैल पडायच्या.

एकदा तिने विचारलं, "पुढे का नाही येत कधी?"

"पुढनं तुम्ही दिसत न्हाई."

हे उत्तर तिला चार दिवस पुरलं. मात्र तीस झाले की ती थांबायची आणि तोही थांबायचा. ती थांबते म्हणून हाही थांबतो, असं ती समजून चालली होती.

मारुतरावांचा संयम जानेवारीत संपला. "पुढच्या मॅरेथॉनच्या एलिट यादीसाठी सोमवारी नाव धाडायचंय, तेजे. रविवारी पस्तीस पळायचं, दोन तास पंधराच्या आत. एक पाऊल चाललीस तरी दुसऱ्या पोरीचं नाव जाईल."

घरी तर ठरलेलंच होतं. नाव गेलं नाही तर पळणं बंद. बी.एड.चा फॉर्म आईने आणूनही ठेवला होता.

शनिवारी संध्याकाळी भाकरी ताटातच राहिली. तिने सम्राटला मेसेज केला, "भीती वाटतेय." उत्तर आलं, "मलापण." तिला वाटलं, बिचारा आपल्या समाधानासाठी म्हणतोय.

रविवारी उजाडताच शिरूरच्या बाहेरच्या ढाब्यापासून ते निघाले. आभाळ भरलेलं, मारुतराव स्कूटरवर मागे. किलोमीटरला तीन मिनिटं पन्नास सेकंद, असा हिशेब सुईत दोरा ओवल्यासारखा नीट चालला होता. पण न्हावरा मागे पडलं आणि समोरून वारा सुटला. उसाच्या ट्रॉल्यांची धूळ तोंडावर येऊ लागली. तीन अठ्ठावन्न... चार दोन... सेकंद हातातून सुटत होते. तिचे खांदे पुन्हा कानापाशी गेले.

सव्विसाव्या किलोमीटरला सम्राटने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग झपकन तिच्या पुढे गेला.

"मागं लागा. वारा मी घेतो."

वारा थांबला. तिला श्वास मिळाला, आणि मग तिला त्याची पाठ दिसली. उजवा खांदा किंचित पडलेला. डावं कोपर फाटक लोटल्यासारखं बाहेर जाणारं. ही पाठ तिला आईच्या चेहऱ्याइतकी ओळखीची होती! गेल्या वर्षी, त्या शर्यतीत, तिने पावणेदोन तासांहून जास्त वेळ हिच्याशिवाय दुसरं काही पाहिलंच नव्हतं. पाठीवर तेव्हा 'पेसर' अशी पाटी होती. वेग लावून द्यायला आयोजकांनी नेमलेला माणूस. चेहरा तिने एकदाही पाहिला नव्हता.

"तुम्ही...?"

"व्हय," तो मागे न वळता म्हणाला.

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"व्हय."

"आणि बोलला नाहीत!"

"भ्या वाटलं."

ती चिडली. इतकी चिडली की पुढचे तीन किलोमीटर कसे गेले ते तिला कळलं नाही. पुलाच्या तोंडाशी मारुतरावांनी दोघांना बाटल्या दिल्या, "पस्तीसला उभा ऱ्हातो" म्हणाले आणि स्कूटर पुढे काढली.

पूल आला. सम्राटचं पाऊल मंदावू लागलेलं तिला दिसलं.

"पेसरचा करार तीसचा असतो..." तो तुटक तुटक बोलत होता. "त्या दिवशी तीस झालं... बाजूला झालो. गाडीत बसून केळं खात व्हतो... आन् तुम्ही पडला. आठ मॅरेथॉनमध्ये पळलोय मी. एकबी पुरी केली न्हाई. तिसाला थांबलं की... कुणी आपल्याला हरवत न्हाई, तेजश्री."

म्हणजे 'मलापण' हे खरं होतं. हा माणूस तिच्यासाठी थांबत नव्हता. तिच्याइतकाच घाबरलेला होता. तिला एकदम रडू आलं, रागाचं की मायेचं कुणास ठाऊक.

"मी थांबणार नाही," ती त्याच्या बरोबरीला येत म्हणाली. "तुम्ही थांबलात तर... परत भेटू नका."

बोलली खरी, पण... खरंच थांबला तर? ती पुढे निघाली. पूल संपला. एकतीस. पाय लटपटत होते, पण पडत होते पुढेच. मागे त्याची पावलं ऐकू येत होती. बत्तीसपर्यंत ऐकू आली, मग विरळ झाली... मग नाहीच.

तेहतीस. जीभ कोरडी, गुडघे मेणाचे, रस्ता तिरका व्हायला लागलेला. सगळं तसंच, त्या दिवसासारखं. आणि वर हे नवीन भय, की तो मागे कुठे कोसळला तर नसेल? वळून पाहिलं तर लय जाणार. थांबलं तर नाव जाणार. ती हुंदके देत पळाली, पण पळाली. कडेच्या उसातून बाया मान वर करून पाहत होत्या, त्यांचीही तिला लाज वाटली नाही.

"दोन तास, चौदा मिनिटं, अडतीस सेकंद!" मारुतराव ओरडले. "तेजे, उद्या सकाळी पहिलं काम तुझं नाव!"

तिने ऐकलंही नाही. ती वळून रस्त्याकडे पाहत होती. रस्ता मोकळा होता. एक ट्रॉली गेली. मग दूधवाला गेला. मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली.

"सर, स्कूटर काढा. मी काहीतरी वाईट बोलले त्यांना..."

मारुतरावांनी किक मारलीच होती, एवढ्यात वळणावर तो दिसला. त्याला पळणं म्हणायचं तर मोठं मन लागतं. एक पाय फरफटत होता, गुडघ्यातून रक्त वाहत होतं. तेजश्री धावत पुढे गेली, हात पसरून आडवी उभी राहिली.

"बास! थांबा आता!"

"सरका," तो दात आवळत म्हणाला, "अजून चाळीस मीटर हायत."

तिला वळसा घालून तो पुढे गेला आणि मारुतरावांच्या स्कूटरला हात लावून खाली बसला. मारुतरावांनी स्कूटर बंद केली.

"पेसर म्हणून तुझं नाव देऊ का रं हिच्यासाठी?"

"न्हाई सर. पुरी बेचाळीस पळणाऱ्यांत द्या."

मारुतराव पाणी आणतो म्हणून बाजूला गेले. बाटली स्कूटरलाच लटकत होती, पण त्यांनी ती पाहिली नाही असं दाखवलं. तेजश्री सम्राटसमोर उकिडवी बसली. ओढणी नव्हती, रुमाल नव्हता; तिने हातमोजाच काढून त्याच्या गुडघ्यावर दाबून धरला.

"मग माझा वारा कोण अडवणार?"

"तुम्हीच. तुमास्नी जमतंय." मघाशी रस्त्यात पडताना वाटली नसेल एवढी भीती त्याच्या डोळ्यांत होती. "मी मागनं येणार. लई मागनं. तुमचं हार घालून, फोटो काढून झालेलं आसंल. तवा... शेवटच्या रेघंवर थांबाल का माझ्यासाठी?"

"फक्त त्या दिवशी?"

"न्हाई..." तो म्हणाला. "रोजच."

तिची छाती धडधडली, तिसाव्याला धडधडायची त्याहून जोरात. आवडत होता तो, वेड्यासारखा आवडत होता, आणि ते कळल्याने तिला पळून जावंसं वाटलं. पण पायांत आता तेवढं बळच उरलं नव्हतं.

"मला फार भीती वाटतेय," ती म्हणाली.

"मलापण."

त्याचा धुळीने माखलेला हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"या तुम्ही. कितीही वेळ लागू दे, मी थांबेन."