शेजारची खुर्ची

रियाधच्या अल मलाझ भागात, चारुदत्तकाकांच्या फ्लॅटमध्ये, खिडक्या लावून, हळू आवाजात सत्यनारायण चालला होता. सुनीताकाकू पुण्याला गेलेल्या, म्हणून काकांच्या शेजारच्या पाटावर त्यांच्याऐवजी एक सुपारी ठेवली होती. काका मधूनच तिला म्हणाले, "जरा सरकून बस गं..." आणि मला फिस्सकन हसू फुटलं.

समोरूनही कुणीतरी हसलं.

"काकू फारच बारीक झाल्यात, नाही?" प्रसादाचा द्रोण पुढे करत तो कुजबुजला.

हा अनुराग. नाशिकचा, इथे पाइपिंग इंजिनीअर. हसताना त्याच्या एकाच गालावर खळी पडते — हे मी उगाच बघून ठेवलं.

मग शाळेत शिकवून मी घरी आले, की त्याचा मेसेज असायचाच. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायचो आम्ही, फक्त एक सोडून. तो विचारत नव्हता... आणि मी तरी कशी विचारणार?

अशात कंपनीने त्याला व्हॉल्व्ह तपासायला चीनला पाठवलं. सोबत त्याच्याच ऑफिसातली क्षमा. माझीही ओळखीची. मला तिचा काही राग नव्हता. ती फक्त फार देखणी होती, एवढंच.

सुट्टीच्या दिवशी दोघं पिंगयाओ नावाचं जुनं शहर बघायला गेले आणि फोटो येऊ लागले. करड्या विटांची भलीमोठी तटबंदी, वर वाऱ्याने केस विस्कटलेला अनुराग. कौलांच्या वळचणीला लाल कंदील. दगडी चौकात चहाचं टेबल — कप दोन, शेजारची खुर्ची रिकामी. पुढच्या फोटोत नूडल्सचं दुकान. पुन्हा तीच गत, खुर्ची रिकामी.

म्हणजे तिथून कुणीतरी उठून फोटो काढत होतं.

"छान येतायत फोटो. कोण काढतंय?" मी लिहिलं.

"क्षमा."

"हं."

"हं म्हणजे?"

"हं म्हणजे कंदील सुंदर आहेत."

"इथे गल्लीगल्लीत व्हिनेगर विकतात. नुसता आंबट वास!"

"असं?"

"इथलाच आहे की रियाधहून येतोय, कळत नाहीये."

मी फोन पालथा टाकला आणि वह्या तपासायला घेतल्या. एका बिचाऱ्या पोराच्या वहीत इतक्या लाल रेघा मारल्या, की नंतर माझीच मला लाज वाटली. डोळ्यांपुढे सारखी ती गल्ली... कंदिलांचा लाल उजेड क्षमाच्या गालावर... तिला तो काय म्हणत असेल? 'सरकून बस' म्हणत असेल?

फोन वाजला. क्षमाच!

"मुग्धा, तुझ्या मित्राला समजाव गं काहीतरी," ती वैतागली होती. "कुठेही जा, मला शेजारी बसूच देत नाही! म्हणे, जागा भरलेली आहे. मी आपली दुसऱ्या टेबलावर, एकटी. वर फोटोही मीच काढायचे. आणि खुर्चीवर काय, तर... जाऊ दे, तूच बघ नीट."

मी चहाचा फोटो उघडला. बोटांनी मोठा केला. रिकाम्या खुर्चीच्या मधोमध, घडी केलेल्या रुमालावर, काहीतरी तपकिरी, गोल...

सुपारी.

नूडल्सच्या दुकानातही. तटबंदीवर तर त्याच्या शेजारी, विटेवर.

"ती काकांच्या पूजेतली?" मी अनुरागला लिहिलं.

"हो. त्यांच्याकडून मागून घेतली." मग पुढचा मेसेज आला. "मुग्धा, तुला माहितीये ना, ती कुणाच्या जागी ठेवतात?"

माहीत होतं. गाल तापले होते. ज्या खुर्चीवर मी दिवसभर जळले, त्या खुर्चीवर मीच बसले होते.

"माहितीये," मी लिहिलं. "आल्या आल्या काकांना परत देऊन टाक."

"का... रागावलीस?"

"नाही रे वेड्या — माणूस हजर असलं की सुपारी ठेवत नाहीत."