कानटोपी आणि मोजा

“कानटोपी! कस्तुरी, पळत ये, कानटोपी!” सूक्ष्मदर्शकावरचा डोळा न काढताच तिचा मित्र मल्हार ओरडला.

कस्तुरी धावली. मिठाच्या कणाएवढा ठिपका, पण भिंगाखाली चक्क टोपी आणि दोन्ही बाजूंना लोंबते कान! समुद्रातल्या फीतकृमीची ही अळी. कस्तुरीच्या बाबांच्या वहीत हेच चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘कारवार’.

बाबा फेब्रुवारीत गेले. तेव्हापासून मराठी मंडळाच्या पत्रकातही त्यांच्या नावाआधी ‘कै.’ लागत होतं. बंगळुरूच्या या प्रयोगशाळेत त्यांनी आणलेल्या अळ्यांच्या दोनच बाटल्या उरल्या होत्या, एक कारवारच्या किनाऱ्यावरची, एक मालपेच्या. ऐन दसऱ्याच्या सुट्टीत त्यांच्यावरची अक्षरं गायब झाली! बिननावाच्या बाटल्या उद्या फेकून देणार, हे कळताच कस्तुरी बाबांची वही घेऊन मित्रांबरोबर इथं आली होती.

प्रयोगशाळेचे प्रमुख पद्मनाभ सरांनी सगळा ठपका सफाई करणाऱ्या दयानंद अण्णांवर ठेवला होता.

“अण्णा, आयुधपूजेला बाटल्या कशानं पुसल्या?” कस्तुरीच्या मैत्रिणीनं, भव्यानं विचारलं.

“स्पिरिटनं. सरच सांगितले ना, पूजेला सगळं चकाचक पाहिजे म्हणून!”

“पण बाबा पेन्सिलीनं लिहायचे. ते पुसलं जात नाही!” कस्तुरी म्हणाली.

“त्या चिठ्ठ्या मळल्या म्हणून सर काढले. मार्करनं नवीन लिहिले.”

मल्हारनं काचेवर मार्करनं रेघ ओढली आणि स्पिरिटचा बोळा फिरवला. रेघ गुल!

आता दुसरी बाटली. कस्तुरीनं भिंगातून पाहिलं आणि तिला रडूच फुटलं. “हीसुद्धा टोपीच! आता कुठली कुठली, कसं कळणार?”

“स्वल्प थांब गं!” भव्यानं सुईच्या टोकानं अळी हळूच कुशीवर वळवली. आता ती दिसत होती टाचेत वाकलेल्या मोज्यासारखी! पहिल्या बाटलीतली मात्र कशीही वळवली तरी टोपीच राहिली. वहीत मोज्याच्या चित्राखाली ‘मालपे’ लिहिलं होतं.

तेवढ्यात पद्मनाभ सर आले. त्यांनी वही पाहिली, भिंगातून पाहिलं, बोळाही पाहिला.

“दयानंद, चूक माझी होती. माफ कर मला,” ते म्हणाले. “आणि पोरांनो, शाबास! तुम्ही नसता तर कस्तुरीच्या बाबांची, माझ्या विद्याधरची मेहनत मी कचऱ्यात घातली असती.”

त्यांनी कस्तुरीच्या हातात कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल दिली. तिनं लिहिलं, ‘कारवार. गोळा करणारे:’ आणि तिचा हात थांबला.

“सर, आधी ‘कै.’ लिहायचं?”

“नाही बाळ. गोळा केलं तेव्हा तो होता ना!”

कस्तुरीनं डोळे पुसले आणि बाबांचं नुसतं नाव लिहिलं.