माणूस कातडीकडे

दुपारी बैलांना पाणी दाखवून सेत्तीमिओ घरी आला. त्याची मुलगी झेलिंदा सकाळीच बाळंत झाली होती. मुलगा. नातवाचं तोंड पाहावं आणि उरलेला तुकडा नांगरून टाकावा, एवढंच त्याच्या मनात होतं.

दारातच सुईण आर्जिया आडवी आली. हात कोपरापर्यंत लाल.

"रक्त थांबत नाही रे. डॉक्टर नदीपलीकडे, आणि फिओरा दुथडी वाहतेय. तुझा तो रक्ताचा खडा काढ."

"दगडानं रक्त थांबतं होय? डोकं फिरलं तुझं, म्हातारे."

"मग जा, बैलांपाशी बस."

तो खडा काढायला गेलाच.

जुन्या थडग्यांच्या शेतात नांगराला लागलेला खडा. पावट्याएवढा, लाल, आरपार भोक असलेला. फुगीर पाठीवर कोरलेला भुंगा. खालच्या सपाट पोटावर कोरलेला माणूस, पट्टी बांधलेलं पाऊल दोन्ही हातांत धरून बसलेला. पाद्रीबाबांनी सांगितलं होतं, हा ग्रीकांचा वीर फिलोक्तेतीस. पायाला साप चावला, जखम कधी भरली नाही. तिचा वास सोसेना, म्हणून सोबत्यांनी त्याला ओसाड बेटावर सोडून दिलं.

"मांडीला बांध," आर्जिया फडकी पिळत म्हणाली. "माणूस कातडीकडे. त्याला बाहेर बघू द्यायचं नाही."

खिडक्या बंद होत्या. दिव्याचा उजेड अपुरा. सेत्तीमिओनं चाचपडतच दोरा ओवला, गाठ मारली.

हळूहळू रक्त थांबलं. झेलिंदाच्या ओठांवर रंग आला.

"बाबा, भूक लागली."

त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. डोळे पुसले.

मग वास येऊ लागला. रक्ताचा नव्हे. जुन्या, चिघळलेल्या जखमेचा.

"काय कुजलंय…" आर्जिया कुजबुजली.

आईच्या मांडीला बिलगून झोपलेलं बाळ किंचाळलं. दुपट्यातून निसटलेलं त्याचं पाऊल खड्याला टेकलं होतं. आर्जियानं ते दिव्याजवळ धरलं. टाचेवर दोन बारीक ठिपके.

"न्हाऊ घातलं तेव्हा नव्हते हे… सेत्तीमिओ, खडा कसा बांधलास?"

त्यानं घाईनं गाठ सोडली. झेलिंदाच्या कातडीवर भुंग्याचा ठसा होता, माणसाचा नव्हता. त्यानं वर चादर ओढली.

"तू सांगितलंस तसा."

अंगणात येऊन त्यानं मूठ उघडली. भुंगा तसाच होता. पोटावरचा माणूस उभा होता. दोन्ही पावलांवर, हात मोकळे.

आतून झेलिंदाचा आवाज आला.

"बाबा… ह्या बाळाला जरा लांब न्या ना. वास सोसत नाही."