लिसान्द्रोचा कोयता

अब्नेर, ती कुऱ्हाड होती तिथे ठेव बाबा, भिंतीकडे तोंड करून, आणि इकडे येऊन बस. चूल विझतेय तर विझू दे. आमच्या होंडुरासच्या डोंगरात गुड फ्रायडेला कुणी लोखंड उचलत नाही. आज घातलेला घाव प्रभूच्या अंगावर पडतो, असं माझी आई सांगायची. हसा, हसा! आठ दिवसांसाठी शहरातनं आलेली मिशनरी पोरं तुम्ही, तुम्हाला हसू येणारच. नाहूमही असाच हसला होता.

नाहूम तुमच्याच वयाचा. राजधानीतून आला होता, याच घरी उतरला होता. २०१४ साल, १८ एप्रिलची रात्र, गुड फ्रायडेचीच. दिवसभर घरोघर जायचं, प्रार्थना म्हणायची, कुणाचं पाणी भर, कुणाचं छप्पर शाकार, आणि निघताना प्रत्येक दारात विचारायचं, "तुमच्यासाठी आणखी काही करू का?" गुणी पोर. एकच खोड. कुणाची अडचण दिसली की ह्याला दम म्हणून निघायचा नाही. माझी बायको म्हणायची, "अहो, ह्याला जरा 'उद्या बघू' म्हणायला शिकवा."

मिरवणूक आटोपली आणि तिनंच त्याच्या हातात सुक्या माशाच्या कालवणाचं पातेलं दिलं. "देल्फिनाला देऊन ये. पोर तापानं फणफणलीय, घरात काही शिजलं नसेल."

देल्फिनाचं घर रस्त्याच्या टोकाला, कॉफीच्या मळ्याला लागून. विधवा बाई आणि तिची सहा वर्षांची इदालिया, बस्स. अंगणात एक ओंडका, आणि ओंडक्यात रुतलेला कोयता. तीन वर्षं तसाच. का, ते ऐका. तिचा नवरा लिसान्द्रो संशयी माणूस. पोरगी आपली नाही, आपल्या भावाची आहे, असं त्याच्या मनानं घेतलं. असाच गुड फ्रायडे होता. सख्ख्या भावाला त्यानं भररस्त्यात त्या कोयत्यानं तोडलं. मान, खांदा, मग पुन्हा मान... प्रेत मी उचललंय, जास्त विचारू नका. तिथून तो पोरीसाठी घरी निघाला. अंगणात गावानं गाठलं आणि दगडांनी ठेचलं त्याला. जीव जाता जाता त्यानं कोयता ओंडक्यात हाणला आणि म्हणाला, "पोरीचं राहिलं."

त्यानंतर त्या कोयत्याला कुणी हात लावला नाही. आणि हे सगळं नाहूमला कुणी सांगितलं नव्हतं. असल्या गोष्टी गाव पाहुण्याला सांगत नाही.

तो पोचला तर घरात मेणबत्ती, चूल गार. पोर कुडकुडत होती. देल्फिना तिच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत होती.

"ताई, लाकडं कुठायत? कालवण गरम करू, तिला पेज करू."

"फोडलेली संपली रे बाळा. उद्या बघू."

"बाहेर न फोडलेली पडलीयत की. मी फोडतो."

"आज नको! आज लोखंड उचलायचं नसतं!"

"तापलेल्या पोरीला पेज दिली म्हणून जो देव रागावतो, तो माझा नव्हे, ताई," तो म्हणाला आणि हसत बाहेर गेला.

अरे, माझ्याकडे आला असता तर मी मोळी पाठीवर घालून नेली असती! अजून आठवलं की संताप येतो. पण नाही. चंद्र उगवायचा होता. अंधारात हाताला लागला तो कोयता त्यानं उपसला. नंतर मला म्हणाला, लोण्यातली सुरी निघावी तसा निघाला, काका.

ठक्क.

एक लाकूड फुटलं.

मळ्यातून आवाज आला. ठक्क.

त्याला वाटलं, डोंगरात आवाज घुमला. त्यानं दुसरा घाव घातला. पुन्हा उत्तर आलं. जरा जवळून.

तो थांबला.

ते थांबलं नाही.

ठक्क... ठक्क... मग आवाज बदलला. लाकडावर नव्हते पडत ते घाव. कशावर तरी मऊ, ओल्या...

कोयता टाकून तो घरात पळाला. कडी घातली. त्याचं तोंड बघूनच देल्फिनानं ओळखलं.

"कुठला कोयता घेतलास?"

"ओंडक्यातला..."

तिनं पोरीला उराशी धरलं. मग म्हणाली, "दार धर."

पहिला घाव दारावर बसला. फळी चिरली. नाहूमनं पाठ लावली. दुसरा. तिसरा. पातं फळीतून आत आलं, त्याचा खांदा फाटला. रक्त कमरेपर्यंत आलं. तो हलला नाही. "पोर देणार नाही," एवढंच ओरडत होता. "पोर देणार नाही!"

घाव पडत राहिले...

मग थांबले.

काहीच नाही. रातकिडाही नाही.

इदालिया आईच्या हातून निसटली. तापातच चालत नाहूमपाशी आली आणि त्याच्या शेजारी दाराला टेकून उभी राहिली.

मेणबत्ती विझली.

आणि कुणीतरी श्वास घेतला.

बाहेर नाही...

नाहूमनं पोरीच्या डोक्यावर हात आडवा धरला.

ती किंकाळी मी इथे, या ओट्यावर ऐकली. बॅटरी घेऊन धावलो. अंगणात कोयता ओंडक्यात रुतलेला होता, पहिल्यासारखाच. पातं कोरडं. दाराच्या ढलप्या पायरीवर पडल्या होत्या. मी हाका मारल्या. देल्फिना सरपटत दाराशी आली. आतून कडी काढल्याचा आवाज मी या कानांनी ऐकलाय.

नाहूमचा डावा हात मनगटातून गेला होता. पोर त्याच्या मांडीत निजली होती. ताप उतरला होता. एक वेणी मात्र कापलेली.

काय अब्नेर? घाबरून त्यानंच स्वतःला कापून घेतलं, असं म्हणतोस? म्हण बाबा. पोलीसही तेच म्हणाले. नाहूम आता राजधानीत शाळामास्तर आहे, एका हातानं फळा पुसतो. त्याच्यासमोर बोलून दाखव.

दार अजून तिथेच आहे. उद्या उजेडात जाऊन बघा. बाहेरच्या बाजूला घावांवर घाव आहेत. आतून घातलेला एकच आहे. खाली, सहा वर्षांच्या पोरीच्या डोक्याएवढ्या उंचीवर... त्यात तिच्या वेणीचे केस अजून अडकलेत.