बंद खोलीतली तार

जिन्यात धुके शिरले होते. नदीकडून उठलेले ते धुके त्या दिवसांत सकाळीच गल्लीत येई, दुकानांच्या पाट्या पुसून टाकी आणि दुपार कलली तरी परतण्याचे नाव घेत नसे. ठकी पायऱ्या उतरत होती; आणि खालून एक खोके वर येत होते. खोक्याला पाय होते, परंतु मुख नव्हते.

“जिन्याला शेवट आहे का हो?” खोक्याने विचारले.

ठकी भिंतीला चिकटली. “आहे... पण अजून बराच वर आहे. कोण पाहिजे?”

“घरांचे नकाशे काढतात ते ऑफिस. तिथल्या बाई फार कडक आहेत म्हणे.”

“त्या माझ्या आत्या आहेत.”

खोके पायरीवरच थबकले. मग त्याच्या एका कडेने एक डोळा, अर्धे हसू आणि गळ्यात वेटोळे घालून बसलेली करडी तार एवढे दिसले. “मग मी काहीच बोललो नाही. आणि तुम्हीही काही ऐकलं नाही.”

“बघते,” ठकी म्हणाली. आणि ज्या कामासाठी ती खाली निघाली होती, ते काम तिला दिवसभर पुन्हा आठवले नाही.

आत्याने आल्या आल्या त्याचे नामकरण करून टाकले — तारवाले. 

ते कार्यालय आरशांच्या एका दुकानाच्या माथ्यावर, तीन खोल्यांचे होते. एकीत आत्या पत्रव्यवहार पाही, दुसरीत ठकी नकाशे रेखाटी आणि तिसरी बंद असे. ती आतोबांची खोली. कार्यालय त्यांनीच उभारलेले. मागल्या हिवाळ्यात ते रुग्णालयात जायला म्हणून याच जिन्याने उतरले, ते परतले नाहीत. तेव्हापासून त्या दाराची किल्ली आत्याच्या कमरेला होती. खोलीत तिच्यावाचून कोणी जात नसे. का जात नाही, हेही कोणी विचारीत नसे.

आतोबांमागे कामे उन्हाळ्यातल्या ओढ्याप्रमाणे आटत गेली. आशा उरली होती ती एकच. दूरच्या शहरातील एक मोठी बांधकाम कंपनी नकाशे करून घ्यायला तयार होती. मात्र तिला ते टपालाने नको होते, इंटरनेटवरून हवे होते. आत्याने निर्वाणीचे सांगितले होते, “शनिवारपर्यंत जमलं तर ठीक. नाही तर दाराला कुलूप, आणि तू भावाकडे जा. तिथे चार माणसं तरी आहेत बोलायला.” ठकीला भावाच्या गावी जायचे नव्हते. जिन्यात खोके भेटल्यापासून तर मुळीच नव्हते.

खोक्यातून निघाला एक जुना, रंग विटलेला संगणक. तारवाल्याने तो कोपऱ्यातील टेबलावर अशा आदराने ठेवला की जणू गृहप्रवेशच चालला होता.

“हा तुमचा द्वारपाल,” तो म्हणाला. “याच्या एका हाताला तुमचे संगणक, दुसऱ्या हाताला हा मोडेम, आणि मोडेममधून टेलिफोनची तार. आतून कुणी बाहेरचं काही मागितलं, की हा आपणहून फोन लावणार. मागणारा गप्प झाला, की फोन ठेवून देणार.”

“आणि कुणी काही मागितलंच नाही तर?”

“तर हा तोंड उघडणार नाही. यंत्र कारणाशिवाय बोलत नाही. ते काय माणूस आहे?”

“माणसं कारणाशिवाय बोलतात वाटतं?”

“मी जिन्यात बोललोच की.”

ठकीने पेन्सिलीला टोक काढायला घेतले. ते आधीच काढलेले होते. 

भिंतीतून बाहेर आलेल्या तारांचा जुडगा त्याने मोकळा केला आणि हब नावाच्या चपट्या पेटीत एकामागून एक तार खोचली. तारेसमोर इवलासा हिरवा दिवा लागे. “दुपारच्या सुट्टीत बाहेरून फोन आला, तर तो हाच उचलेल,” तो म्हणाला. “म्हणजे काही बिघडलं तर मला लांबून याच्या आत येऊन बघता येईल.”

“म्हणजे इथे यायचं टाळणार?” ठकीने विचारले.

आत्याने चष्म्यावरून पाहिले. तारवाले तारा खोचण्यात एकाएकी फार गढून गेले.

दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, ती गोष्ट घडली.

आत्या घरी गेली होती. दोन्ही संगणक बंद होते. खिडकीला धुके असे टेकले होते की काचेपलीकडे जग आहे, यावर विश्वास ठेवावा लागे. ठकीने डबा उघडला, पहिला घास उचलला. आणि कोपऱ्यात टक् असा आवाज झाला.

मोडेम जागा झाला होता. प्रथम अंकांचे बारीक सूर आले, एकामागून एक, जणू कोणी अंधारात कुलपाचे भोक चाचपडत आहे. मग कोठे तरी अतिदूर घंटा वाजली. मग ती किंचाळी... खर्ज आणि तार सप्तक एकमेकांत घुसळल्यासारखी, मग फसफस, मग निःशब्दता. थोड्या वेळाने खट् झाले. कोणी तरी फोन ठेवला होता.

ठकीचा घास हातातच राहिला. तो संपविण्यापूर्वी मोडेम पुन्हा बोलू लागला.

कालपासून, कामाच्या गडबडीत, तो बोलला की ठकीला वाटे आत्याने काही मागितले आणि आत्याला वाटे ठकीने. आता मागायला कोणी नव्हते. फोन मोकळा होताच तिने तारवाल्याला लावला.

“तुमचा द्वारपाल स्वतःशीच बोलतोय.”

“तुम्ही काही मागितलंत?”

“माझा संगणक बंद आहे. आत्याचाही बंद आहे.”

“आलोच,” तो म्हणाला.

तो आला तेव्हा त्याच्या केसांवर धुक्याचे बारीक मणी होते. “मला बोलवायला निमित्त शोधलंत ना?”

“निमित्तच शोधायचं, तर इतकं भयाण कशाला शोधू?”

तो हसला, आणि तेवढ्यात मोडेमने सूर लावला. हसू तसेच त्याच्या ओठांवर थिजले. त्याने द्वारपालाचा पडदा उजळला. अक्षरांच्या ओळी सरकत होत्या.

“जो कुणी दाराशी येतो, त्याला हा एक क्रमांक देतो,” तो हळू बोलू लागला. “एक तुमचा. एक आत्यांचा. आणि... याने आणखी एक दिलाय.”

“कुणाला?”

“तेच तर. तिसरा कोण?”

ठकी नकळत त्याच्या जवळ सरकली. नकळत की जाणून, हे तिचे तिलाच ठाऊक.

त्याने हबमधून एकेक तार उपसायला आरंभ केला. तार निघे, मोडेम मात्र गप्प होत नसे. शेवटी एकच तार राहिली, आणि तिचा दिवा चालूच होता. मधूनच लुकलुके, मधूनच स्थिर होई. तिचा माग काढीत दोघे गुडघ्यांवर बसून निघाली. कपाटामागे, भिंतीच्या कडेने, बोटे तारेवरून सरकत चालली. एका वळणावर त्याची बोटे तिच्या बोटांवर आली... आणि कोणीच ती पटकन उचलली नाहीत. मग तार बंद दाराखालून आत शिरली.

“इथे कोण बसतं?” त्याने कुजबुजून विचारले.

“कुणी नाही. आतोबांची खोली. ते... ते आता नाहीत.”

दोघांनी दाराला कान लावला. आतून एक अतिमंद, अखंड घरघर येत होती. गाढ झोपलेल्याचा श्वास यावा तशी.

“ऐकताय काय चोरासारखे?” मागून आवाज आला. दोघेही दचकून उठली. आत्या उभी होती. कमरेची किल्ली आता तिच्या हातात होती. “जागाच आहे तो.”

“कोण?” ठकीने विचारले.

“त्यांचा संगणक.”

दार उघडले. खोलीत धुक्याचा पांढुरका उजेड होता. खुर्ची किंचित मागे सरकलेली होती, जणू बसलेला माणूस आताच उठून गेला. टेबलावर सुती कापड पांघरलेली एक आकृती होती, आणि कापडाखालून निळसर प्रकाश झिरपत होता.

“निघताना म्हणाले, बंद करू नकोस गं, मी आलोच.” आत्याचा आवाज अगदी साधा होता. “मग मी कशी बंद करणार?”

तारेकडे पाहत तारवाला म्हणाला, “चूक माझी आहे. भिंतीतून तारा आल्या, त्या कुठून आल्या ते न बघता मी सगळ्या जोडल्या. हा संगणक मधूनमधून ई-टपाल आलंय का विचारतो. इतके दिवस याला बाहेर वाटच नव्हती. आता मिळाली, म्हणून विचारत सुटलाय.”

“आणि उत्तर काय येतं?”

“काही नाही, असं.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

“आणि तरी विचारतो.” आत्या हसली, ठकीने ते हसू कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. “शोभतो त्यांचा. मला मागणी घालताना अगदी असंच. मी नाही म्हणायची, हे पुन्हा हजर.” मग ती गंभीर झाली. “पण सकाळीच कंपनीचा माणूस माझ्या घरी फोन करून म्हणाला, तुमच्या ऑफिसचा फोन कालपासून लागतच नाही. असंच चाललं तर काम दुसऱ्याला देणार.”

“मी नुसती तार काढतो,” तारवाला घाईने म्हणाला. “संगणक चालू राहू दे. बंद नका करू.”

आत्याने मान हलविली. “तार काढलीत, तर हा बंद खोलीत बसून विचारत राहील आणि कुणी त्याला ‘नाही’सुद्धा म्हणणार नाही. ते फार वाईट, हो.”

तिने कापड दूर केले, घडी घातली आणि पडद्यावरून हात फिरविला. “निजा आता,” ती म्हणाली. “मी आहे इथे.”

तिने बटण दाबले आणि घरघर थांबली. इतके दिवस साऱ्या कार्यालयात तो आवाज भरून राहिला होता, हे ठकीला तो थांबल्यावर कळले.

तारवाल्याने ती शेवटची तारही हबमधून काढली आणि खिळ्याला मोकळी टांगली. जाता जाता आत्या त्याच्यापाशी थबकली. “काही लोक ‘नाही’ ऐकावं लागेल म्हणून विचारतच नाहीत. त्यांच्यापेक्षा यंत्र बरं.”

शनिवारी नकाशा गेला. कंपनीला तो पसंत पडला. आत्याने आतोबांच्या खोलीचे कुलूप काढले ते टेबलाच्या खणात टाकून दिले. द्वारपाल इतका निर्दोष चालू लागला की ठकीला त्याचा राग येऊ लागला. काही बिघडत नव्हते. म्हणून कोणी येत नव्हते. एके दुपारी तर तिने एक तार सैल करण्याचाही विचार केला, मग स्वतःलाच दटावले.

त्याच दुपारी, आत्या घरी गेलेली असताना, टक् झाले.

ठकी उभी राहिली. अंकांचे सूर मात्र आले नाहीत. टेलिफोन वाजला, आणि मोडेमनेच तो उचलला. किंचाळी. फसफस. निःशब्दता. आतोबांच्या खोलीचे दार अर्धे उघडे होते. आत अंधार होता. द्वारपालाच्या काळ्या पडद्यावर अक्षरे उमटू लागली, एक एक, चाचरत...

जिन्याला शेवट आहे का हो?

ठकीने लिहिले : आहे. पण अजून बराच वर आहे. कोण पाहिजे?

पडदा स्तब्ध राहिला. इतका वेळ, की तिला वाटले आता खट् होणार. मग —

तुम्ही. उत्तर नाही असेल, तर उद्या पुन्हा विचारीन.

तिने डोळे पुसले आणि लिहिले : उद्याची गरज नाही.

खट्. फोन ठेवला गेला. आणि लगेच जिन्यात पावले वाजली, दोन दोन पायऱ्या एका वेळी घेणारी. दारात तो उभा होता, धापा टाकीत, छोटा संगणक पोटाशी धरून.

“इतक्या लवकर?”

“खालच्या आरशांच्या दुकानातून लावला,” तो म्हणाला. “तिथे दहा ठिकाणी मीच दिसत होतो. दहाही जण घाबरलेले.”

ठकी हसली, हसता हसता तिने त्याच्या केसांवरचे धुके बोटांनी टिपले. त्याने तिचा हात तसाच धरून ठेवला.

तेवढ्यात हबवर एक हिरवा दिवा लागला. ज्या जागेतून आतोबांच्या खोलीची तार काढली होती, त्या जागेचा. एकदा लुकलुकला, ‘मी आलोच’ म्हणावे तसा... आणि विझला.

तार खिळ्याला होती तशीच लोंबत होती. अर्ध्या उघड्या दारातून कसलाही आवाज येत नव्हता.

“यंत्र कारणाशिवाय बोलत नाही, असं कुणीतरी म्हणालं होतं,” ठकी अगदी हळू म्हणाली. “याचं कारण काय?”

त्याने त्या विझलेल्या दिव्याकडे पाहिले. मग त्याने तिचा हात अधिक घट्ट धरला.

“कुणीतरी विचारत होतं,” तो म्हणाला, “त्याला आज ‘हो’ ऐकू आलं असेल.”